पान जुनं की नवं, ते आधी सांगा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की प्लांटेड टँकमधल्या, म्हणजे माशांच्या टाकीत लावलेल्या जिवंत झाडांची पानं बिघडत असतील तर कळवा, आणि त्यानंतर जो मेलचा ढीग लागला तो अजून उपसतोय. निम्म्याहून जास्त मेलमध्ये एकच वाक्य, "पानं पिवळी पडतायत, कुठलं खत टाकू?" आणि सोबत फोटो, तोही सोफ्यावर बसून काढलेला, अख्खा टँक, शेजारी टीव्ही, टीव्हीवर मॅच. अहो, त्यावरून मी काय सांगणार?

मला एवढंच हवं असतं की बिघडलेलं पान खोडावर खाली आहे, म्हणजे जुनं, की शेंड्याचं आहे, म्हणजे नवं. सोर्ड, क्रिप्ट असल्या झाडांत बाहेरचं पान जुनं आणि मधला कोंब नवा. एवढं कळलं की अर्धं काम होतं, कारण नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश आणि मॅग्नेशियम ही चार अन्नद्रव्यं झाड स्वतःच्या जुन्या पानांतून काढून नव्याला देऊ शकतं. घरात कमी पडलं की आजी आपल्या ताटातलं नातवाच्या ताटात सरकवते ना, तसंच, त्यामुळे यातलं काही कमी असलं की हाल जुन्या पानांचे होतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांचं तसं नाही, एकदा पानात जाऊन बसले की हलत नाहीत, मग उपाशी राहतो तो शेंडा. आता पत्रं घेतो, सगळी नाही घेता येणार, रागावू नका.

"माझा २ फुटी टँक आहे, नळाचं पाणी. हायग्रोफिलाच्या खालच्या पानांना सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात, मग भोकाभोवती पिवळं होत जातं. जावा फर्नवर पण काळे डाग आहेत. दुकानदाराने लोहाची बाटली दिली, २ महिने टाकतोय, काहीच फरक नाही." — एक वाचक, मुलुंड

फरक पडणारच नाही, कारण लोह कमी असतं तर शेंडा फिका झाला असता आणि तुमच्या फोटोत शेंडा मस्त हिरवागार आहे. खालच्या पानांवर टाचणीएवढी भोकं, त्याला पिवळी किनार, पानाची कड पण पिवळी तपकिरी, हे पालाशचं म्हणजे पोटॅशियमचं लक्षण आणि हायग्रोफिला ते सगळ्यात आधी दाखवतो. मी तर आता नवीन टँकमध्ये एक काडी हायग्रोफिला मुद्दाम लावतो, बाकी झाडं गप्प असली तरी हा चुगली करतो.

आता हे मुंबईत इतकं का दिसतं, तर भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचं पाणी म्हणजे पावसाचंच पाणी, मऊ, त्यात विरघळलेले क्षार कमी, पालाश तर नावालाच. माशांच्या खाण्यातून नत्र आणि स्फुरद बऱ्यापैकी मिळून जातं पण पालाश तेवढं मिळत नाही, त्यामुळे ८-१० टेट्रा मासे असलेल्या टँकमध्ये पहिली कमतरता बहुतेक वेळा याचीच निघते.

उपाय स्वस्त आहे. कृषी सेवा केंद्रात जाऊन ०-०-५० (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने) मागा, पाण्यात पूर्ण विरघळणारं, ठिबकला देतात ते. हे म्हणजे पोटॅशियम सल्फेट. तुमचा टँक ६० बाय ३० बाय ३६ सेंमी, म्हणजे हिशोबाने ६५ लिटर होतो पण खडी, दगड, वरची मोकळी जागा वजा करून ५० धरा. ५० लिटरला साधारण १.२ ग्रॅम टाकलं की १० पीपीएम (म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम) पोटॅशियम वाढतं. एवढंसं मोजायला काटा नसतो घरात, म्हणून २४ ग्रॅम पावडर अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवा (हळू विरघळते, हलवत राहा) आणि त्यातलं २५ मिली आठवड्यातून एकदा, पाणी बदललं की लगेच टाका. पाणी दर आठवड्याला निम्मं नाही तर निदान एक तृतीयांश बदलायचं, म्हणजे काही साठत जात नाही.

आणि भोकं पडलेलं पान भरून येत नाही हो. ते बघत बसू नका, कापून टाका. आज जी पानं मधली आहेत ती तीन आठवड्यांनी खालची होतील, तेव्हा त्यांना भोकं नसली तर समजायचं जमलं.

जावा फर्नचं मात्र एकदा पान उलटून बघा. मागच्या बाजूला तपकिरी ठिपके ओळीत, जरा उंचवट्यासारखे असतील तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत, रोग नाही, जावा फर्नच्या पानावरच पिल्लंही फुटतात. वेडेवाकडे काळे चट्टे असतील आणि पान पारदर्शक होत असेल तरच काळजी.

"माझी द्राक्षबाग आहे, घरात १९-१९-१९ आणि मायक्रोन्यूट्रिएंटचं पाकीट पडलेलंच असतं. टँकमध्ये चिमूटभर १९ टाकलं तर दुसऱ्या दिवशी गप्पी वर येऊन श्वास घेत होते, २ मेले. झाडांना जे चालतं ते टँकमधल्या झाडांना का नाही?" — निफाड

झाडांना चाललं असतं दादा, माशांना नाही चाललं. १९-१९-१९ मधला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. शेतात अमोनिया पडला तर मातीतले जिवाणू आणि मातीचे कण त्याला सांभाळून घेतात, पण ५०-१०० लिटर पाण्यात तो थेट माशाच्या कल्ल्यावर जातो, आणि पाण्याचा पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका तो जहाल. तेव्हा १९ टँकला नाही, युरिया तर अजिबातच नाही, डीएपी पण नाही.

पण तुमच्याच गोडाऊनमध्ये टँकसाठी सोनं पडलेलं आहे. १३-०-४५ घ्या, त्यात नत्र सगळा नायट्रेटच्या रूपात, १०० लिटरला १ ग्रॅम टाकलं की साधारण ६ पीपीएम नायट्रेट आणि पावणेचार पीपीएम पोटॅशियम, एका दगडात दोन पक्षी. ०-५२-३४ म्हणजे स्फुरद, हे फार तीव्र, १०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे ७ पीपीएम फॉस्फेट होईल, आपल्याला लागतं १ ते २. म्हणून ७ ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात करून ठेवा आणि त्यातलं १० मिली १०० लिटरला, तेवढ्यात १ पीपीएम होतं. शहरातली मंडळी याच दोन पावडरी पाण्यात विरघळवून, सुंदर बाटलीत भरलेल्या, कितीतरी पट पैसे देऊन घेतात, मी पण घ्यायचो. फक्त १३-०-४५ चं पाकीट घट्ट बांधून कोरड्या जागी, आणि चुलीपासून लांब ठेवा, ते पेट घ्यायला मदत करतं.

मायक्रोन्यूट्रिएंटचं पाकीट मात्र नको. त्यात तांबं आणि जस्त फवारणीच्या हिशोबाने असतं, कोळंबी असेल तर तांब्याने ती आधी जाते, मग गोगलगायी.

एक गंमत सांगू? तुम्ही बागेत नुसतं पान बघून खत टाकत नाही, देठ परीक्षणाला पाठवता, कारण पिवळं पान दहा कारणांनी पिवळं होतं हे तुम्हाला माहीत आहे. टँकवाले मात्र फोटो बघून बाटली घेतात.

"नवीन येणारी पानं आकसलेली, वळलेली, चमच्यासारखी वाकडी येतात, काहींची टोकं जळतात. खत सगळं व्यवस्थित टाकतेय, ऑल इन वन वालं. पाण्याचा टीडीएस ७०० आहे म्हणजे क्षार भरपूर असणार ना? गोगलगायींची कवचं पण पांढरी पडून झिजतायत." — एक वाचक, वाघोली, पुणे

तुम्ही गोगलगायींचं लिहिलंत म्हणून पत्र निवडलं, उत्तर त्यातच आहे. आधी एक विचारतो, सोसायटीत बोअरवेल आहे आणि गच्चीवर सॉफ्टनर बसवलाय, बरोबर? वाकड्या नव्या पानांचा असा मेल आला आणि सोबत जास्त टीडीएसची तक्रार असली की मला आधी सॉफ्टनरच आठवतो.

सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं कारण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, सॉफ्टनर ते दोन्ही पकडून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. म्हणून गीझर खराब होत नाही, साबणाला फेस येतो, सगळे खूश, आणि टीडीएस जवळपास तेवढाच राहतो कारण टीडीएसचं मीटर पाण्यात विरघळलेलं एकूण किती ते फक्त सांगतं, काय आहे ते सांगत नाही. झाडाच्या दृष्टीने मात्र ताट भरलेलं आहे आणि त्यात फक्त मीठ वाढलेलं आहे! कॅल्शियम नसलं की नवीन पेशींच्या भिंती नीट बनत नाहीत, म्हणून शेंडा वाकडा. गोगलगायीचं कवच पण कॅल्शियमचंच.

जीएचचं, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोजणारं टेस्ट किट घ्या, टीडीएस मीटर कपाटात ठेवा. जीएच १-२ आला तर माझं निदान बरोबर. मग सगळ्यात सोपं म्हणजे वॉचमनकाकांना किंवा प्लंबरला विचारून सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या, आणि ते फार जड असेल तर त्यात घरच्या आरओचं पाणी मिसळा, जीएच ५-६ च्या आसपास आला की बास. नुसतं आरओचं वापरू नका, त्यात सोडियम नाही पण कॅल्शियम पण नाही, पुन्हा तेच रडगाणं. सॉफ्टनरच्या पाण्यातच जिप्सम टाकून भागवता येतं का, तर कॅल्शियम मिळेल, १०० लिटरला ८-९ ग्रॅम जिप्समने २० पीपीएमच्या आसपास वाढतं, पण सोडियम तिथेच राहणार, म्हणून मी तो मार्ग दुसरा ठेवीन.

तुम्ही शेवटी विचारलंय की अंड्याची कवचं टाकली तर. टाका, बिघडत काही नाही, पण तुमचा पीएच ८ आहे आणि त्यात ती विरघळायला इतका वेळ घेतील की तोवर गोगलगायींची नातवंडं येतील.

"रोटाला आणि लुडविजियाचे शेंडे पांढरट पिवळे, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह रोज टाकतोय तरी. बोअरचं पाणी, पीएच ७.८." — छत्रपती संभाजीनगर

हे लोहच आहे, निदान तुमचं बरोबर, औषध चुकतंय. तुमच्या बाटलीवर ईडीटीए लिहिलंय. लोह पाण्यात मोकळं ठेवलं तर गंजून खाली बसतं, म्हणून त्याला धरून ठेवणारा एक रेणू जोडलेला असतो, ईडीटीए हा त्यातला स्वस्त, पण पीएच साडेसहाच्या वर गेला की त्याची पकड सुटत जाते. तुमच्याकडे ७.८ म्हणजे सकाळी टाकलेलं बरंचसं लोह झाडाला मिळण्याआधीच फुकट. डीटीपीए वालं घ्या, ते साडेसातपर्यंत बरं टिकतं, आणि आठवड्याचं एकदम टाकण्यापेक्षा थोडं थोडं एक दिवसाआड. ५ ग्रॅम पावडर अर्ध्या लिटरमध्ये, त्यातलं १० मिली १०० लिटरला, म्हणजे ०.१ पीपीएमच्या आसपास. बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेवा, उजेडाने पण ते फुटतं. आणि ०-५२-३४ च्या बाटलीत हे मिसळू नका, लोह आणि फॉस्फेट एकत्र आले की खाली साका, एक दिवस हे एक दिवस ते.

ईडीडीएचए नावाचं पण मिळतं, चुनखडीच्या जमिनीला देतात ते, तुमच्या पीएचला टिकेल हे खरं, पण टँकचं पाणी गुलाबी लालसर होतं. चालणार असेल तर वापरा, आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी विचारलं की माशांना सरबत पाजता का.

लोह टाकलं की झाड लाल होतं हा मात्र गैरसमज. लाली बऱ्याचदा नत्र कमी ठेवल्याने आणि उजेड वाढवल्याने येते, आणि त्या नादात लोक झाडाला इतकं उपाशी ठेवतात की खालची पानं पिवळी होऊन गळून नुसत्या काड्या उरतात.

"काका, मी दहावीत आहे. दीड फुटाचा टँक, पॉकेटमनीतून मोठा एलईडी घेतला, १२ तास चालू ठेवतो. खतं पण सगळी टाकतो, तुमचं वाचूनच. तरी झाडं वाढत नाहीत, पानं बारीक आणि पानांच्या कडेला काळे केस आलेत." — कोल्हापूर

अरे बाळा, गॅस मोठा केलास आणि पातेल्यात पाणीच नाही. उजेड हा गॅस. जितका मोठा तितकं झाड जास्त मागणार, आणि सगळ्यात जास्त काय मागणार तर कार्बन, कारण झाडाच्या सुक्या वजनाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग तोच असतो. तो येतो सीओटूमधून, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमधून, आणि तुझ्या टँकमध्ये तो पुरत नाही. ते काळे केस म्हणजे ब्लॅक बिअर्ड अल्गी नावाचं शेवाळ, सीओटू कमी किंवा सारखा वरखाली होत असला की येणारा पाहुणा. एकोणिसाव्या शतकात लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक नियम लोकप्रिय केला, जे सगळ्यात कमी असेल तेच वाढ ठरवतं, बाकीचं कितीही ओता. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असली की पाणी तिथपर्यंतच राहतं तसं. तू बाकीच्या फळ्या उंच करतोयस.

म्हणून दहावीच्या वर्षात सीओटूचा सिलेंडर, रेग्युलेटर असल्या भानगडीत पडू नकोस. एलईडी ६ तास कर, टायमर लाव, शक्य असेल तर दिवा एक वीतभर वर टांग. खतं निम्मी कर. केस आलेली पानं काप. झाडं जावा फर्न, अनुबियास, क्रिप्ट, व्हॅलिस्नेरिया असली ठेव, ती सीओटूशिवाय जगतात. सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याचा सीओटूसाठीचा घरगुती सेट पुढे कधी केलास तर काचेची बाटली वापरायची नाही, दाबाने फुटते, आणि आईबाबांना सांगून करायचं.

आणि फिल्टरचा स्पंज बघ एकदा. माझ्या टँकच्या उजव्या कोपऱ्यातली झाडं तीन महिने फिकी होती, मी लोह, मग पालाश, मग मॅग्नेशियम, सगळं टाकून बसलो. शेवटी कळलं की स्पंज चोंदलाय आणि त्या कोपऱ्यात पाणी फिरतच नाहीये, म्हणजे खत टाकलेलं तिकडे पोचत नव्हतं. धुतला, महिन्यात कोपरा हिरवा. या सदराच्या लेखकाने हे तीन महिन्यांनी ओळखलं, लक्षात ठेव.

"१५ दिवसांपूर्वी झाडं आणली, सगळी पानं विरघळतायत." — मडगाव

खत टाकू नका, काहीच करू नका. नर्सरीत बरीचशी झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात, ती पानं पाण्यात टिकत नाहीत, पाण्यातली वेगळी पानं झाड नव्याने काढतं. क्रिप्ट तर नुसती जागा बदलली तरी रुसतो. मूळ पांढरं आणि कडक असलं तर थांबा, कुजलेलं तेवढं काढत राहा.

"अनुबियासच्या पानांवर हिरवे गोल ठिपके, नखाने पण निघत नाहीत." — सांगली

शेवाळ आहे, हळू वाढणाऱ्या पानांवर बसतं. फॉस्फेट फार कमी आणि उजेड फार, हे जोडपं. वर निफाडकरांना सांगितलेलं ०-५२-३४ चं पाणी तुम्हालाही, आणि अनुबियास दुसऱ्या झाडाच्या सावलीत सरकवा.

"आम्ही लंडनजवळ राहतो, पाणी प्रचंड हार्ड, किटलीत थर जमतो. तरी सोर्डची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी, शिरा हिरव्या. लोह वाढवू का?"

जुनी पानं म्हणालात ना, मग लोह नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं हे चित्र लोहाचं पण आणि मॅग्नेशियमचं पण, फरक फक्त पान कुठलं याचा. तिकडचं पाणी खडूच्या खडकातून येतं, ती हार्डनेस जवळपास सगळी कॅल्शियमची, मॅग्नेशियम त्यात थोडंसंच. केमिस्टकडून साधं एप्सम सॉल्ट घ्या, सुगंधी नको, १०० लिटरला ५ ग्रॅम म्हणजे ५ पीपीएम मॅग्नेशियम. पुण्याच्या ताईंच्या उलट केस आहे तुमची.

"सोर्डच्या पानांना मोठमोठी भोकं, बाकी पान एकदम ताजं हिरवं, कुठे पिवळं नाही. पालाश का?" — नाशिक

रात्री दिवा बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन जा. प्लेको मासा किंवा गोगलगाय सापडेल, तोंडात घास.

"ॲपोनोजेटॉनचा कंद लावला, ४ महिने सुंदर पानं आली, आता एकेक करत सगळी गेली. कमतरता कसली?" — सातारा

कसलीच नसेल. तुम्ही साताऱ्याचे, कासला जाताच, तिथला वायतुरा पाहिलाय का? पावसाळ्यात पठारावरच्या उथळ पाण्यात उगवतो, दोन फाट्यांचा तुरा काढतो, आणि पाणी आटलं की वर काही शिल्लक नाही, कंद खाली झोपलेला. तो ॲपोनोजेटॉनच आहे, तुमच्या कंदाचा भाऊबंद (तो आणून टँकमध्ये लावायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका, जगात फक्त आपल्या सह्याद्रीत उरलाय आणि धोक्यात आहे). दुकानातल्या काही जाती पण अशीच विश्रांती घेतात. कंद हळूच दाबून बघा. मऊ आणि वास येत असेल तर गेला. कडक असेल तर खत न टाकता तिथेच राहू द्या किंवा काढून ओल्या वाळूत डब्यात घालून थंड जागी ठेवा, दोनेक महिन्यांनी परत लावा, आणि कोंब आला की मला फोटो पाठवा, जवळून काढलेला.